गाडीच्या ऑटो एसीत पंख्याचा वेग नेमका कशावर ठरतो?

रोजचा_प्रवासी
२४ वर ठेवून ‘ऑटो’ दाबलं की ब्लोअर आधी अगदी हळू फिरतो, मग एकदम जोरात, आणि दहा मिनिटांत पुन्हा मंद होतो. आत मात्र अजून गरमच असतं. २२ केलं की लगेच वेग वाढतो. गॅरेजमध्ये ब्लोअरचं मॉड्यूल (वेग कमी-जास्त करणारा भाग) बदलायला सांगितलंय. बदलू का?

थर्मिस्टर
इतक्यात नको. मॉड्यूल गेलं की बहुतेक वेळा पंखा बंद तरी पडतो, नाहीतर कायम फुल्ल फिरतो. तुमचा वेग तर छान बदलतोय.

आतलं तापमान, बाहेरचं तापमान, ऊन आणि तुम्ही लावलेला आकडा यांवरून कंट्रोलर ठरवतो की झरोक्यातून किती गार किंवा गरम हवा सोडायची. उत्तर कुठल्याही टोकाचं आलं की पंखा जोरात, मधलं आलं की मंद. २२ केल्यावर वेग वाढतो तो यामुळेच. सुरुवातीचा हळूपणा मुद्दाम ठेवलेला असतो: हवा गार करणारी कॉइल स्वतः गार व्हायच्या आत पाइपातली तापलेली हवा तोंडावर येऊ नये म्हणून. थंडीत हीटर लावला तर इंजिनाचं पाणी तापेपर्यंत असंच थांबतो.

आत गरम असताना वेग उतरतोय, म्हणजे कंट्रोलरला केबिन गार झाल्यासारखी वाटतेय. डॅशबोर्डवर बारीक जाळी असते, तिच्यामागे आतल्या तापमानाचा सेन्सर. पंखा फुल्ल करून जाळीवर टिश्यूचा कपटा धरा. तो अलगद ओढला जायला हवा. काचेजवळचा उन्हाचा सेन्सर डॅशबोर्डच्या कापडाखाली झाकला गेला असेल तर तेही काढा. त्याला ऊन दिसलं नाही की पंखा हवा तेवढा वाढत नाही.

वायरवाला
मॉड्यूलची शंका असेलच तर मोजून बघा, पण मल्टिमीटर मोटरच्या दोन टोकांमध्येच लावा. बऱ्याच गाड्यांत मोटरला बॅटरीचा प्लस थेट मिळतो आणि मॉड्यूल मायनसच्या बाजूने प्रवाह आवळतं. बॉडीला अर्थ धरून प्लस मोजलात तर कुठल्याही वेगाला बारा व्होल्टच्या वर दिसणार, आणि चांगलं मॉड्यूल भंगारात जाणार. मंद वेगाला ४ व्होल्टच्या आसपास, फुल्लवर बॅटरीच्या जवळपास, असं दिसलं की मॉड्यूल ठीक.

खरंच जळालेलं निघालं तरी आधी मोटर हाताने फिरवून बघा. साध्या ट्रान्झिस्टरवाल्या मॉड्यूलमध्ये पुरवठा १३.५ व्होल्ट, मोटरवर ६ आणि प्रवाह ६ अँपिअर असेल, तर उरलेल्या ७.५ व्होल्टची ४५ वॉट उष्णता मॉड्यूलमध्येच मुरते. म्हणून त्याची हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) वाऱ्याच्या वाटेत बसवतात. मोटर जड फिरत असेल किंवा केबिन फिल्टर चोंदला असेल तर नवंही जळेल.

काजळी
उन्हाचा सेन्सर एलईडी टॉर्चने तपासू नका, बरेचसे दाद देत नाहीत. गाडी सरळ उन्हात न्या.

रोजचा_प्रवासी
कापड काढलं. टिश्यू मात्र जागचा हलत नाही.

थर्मिस्टर
मग तिथेच घोडं अडलंय. जाळीतून सेन्सरवर हवा ओढायचे दोन प्रकार असतात. जाळीमागे छोटी मोटर असेल तर इग्निशन चालू आणि ब्लोअर बंद ठेवून कान लावा, बारीक गुणगुण यायला हवी. मोटर नसेल तर एक नळी एसीच्या डब्याकडे जाते. ती निसटली की सेन्सर केबिनऐवजी गार पाइपांजवळची हवा मोजत बसतो. नळी घट्ट बसवा, जाळीतली धूळ ब्रशने काढा. हवेच्या प्रेशरने फुंकू नका, सेन्सरच्या तारा नाजूक असतात.