गणितात बी.एस्सी.साठी आठ लाखांचं कर्ज काढावं का?

पतसंस्थेतला_मामा
भाची बारावी झाली, गणितात 97. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षांचं गणित ऑनर्स करायचं म्हणते. फी, हॉस्टेल, मेस धरून आठ लाखांचं कर्ज. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, म्हणून परवा दाजी कळंब्याच्या प्लॉटचे कागद बाजाराच्या पिशवीत घालून आमच्याकडं आले. जामीनदार मी.

दिवसभर लोकांचे हप्तेच बघतो, त्यामुळं लगेच कागद ओढला. 10 टक्के व्याज, शिक्षणाची चार वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही. पाच वर्षांचं सरळव्याज चार लाख. म्हणजे बारा लाख, दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला 15,858. माझं मत असं की गणित पैसा देतं, पण उशिरा देतं. हप्ता कुणासाठी थांबत नाही. बी.एस्सी. कोल्हापुरातच करावी, कर्ज काढायचंच तर एम.एस्सी.ला काढावं. चुकत असेन तर सांगा.

शून्यापुढे_एक
चुकताय. मी कोल्हापुरातच बी.एस्सी. केलं. शेवटच्या वर्षाला गणितात आम्ही नऊजण, त्यातले सहा बी.एड.ला जाणार हे आधीच ठरलेलं. जॅम नावाची परीक्षा असते, तिच्यावर आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं, हे मला कळलं तेव्हा वय गेलं नव्हतं, पण घरची परिस्थिती गेली होती. 97 वाल्या पोरीला बरोबरीची पोरं भेटली पाहिजेत. तुमच्या कागदावर त्याचा रकाना कुठाय?

फौंड्रीवाला_शिरोली
मामा, एवढं डोकं कशाला लावताय? 2024-25 पासून मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ हाय. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, ईडब्ल्यूएस, एसईबीसी नाहीतर ओबीसीत बसत असंल आणि कॅपमधनं, म्हंजे सरकारी सामायिक प्रवेश फेरीतनं, ॲडमिशन घेतलं तर इंजिनिअरिंग फुकटात पडतंय. गणित तिथं बी हाय की!

खडू_डस्टर
दादा, इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या गणिताचा, पेपर काढणं आणि गणित शिकणं यात पन्हाळा आणि पंचगंगेएवढा फरक आहे. पण फीचा मुद्दा बरोबर आहे आणि तोच मला खुपतो. इंजिनिअर होणाऱ्या मुलीला सरकार फी सोडतं. साधी बी.एस्सी. त्यात बसत नाही.

मी मामांच्या बाजूची. पदवीवर बी.एड. करून, टेट या शिक्षकभरतीच्या परीक्षेचं दिव्य पार पाडून ती माध्यमिकला लागलीच, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन 18,000. त्यातनं मामांचा हप्ता वजा करा. उरलेल्या दोन हजारांत गॅस आणि मोबाइलचा रिचार्ज होईल, बस्स. मी स्वतः हे मानधन आठ हजार असताना काढलंय, तेही कर्ज नसताना.

आणि बंगळूरच्या आयएसआयचं, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेचं, कुणीच कसं बोलत नाही? तिथल्या बी.मॅथ. या गणिताच्या पदवीला शिकवणी फी नाही, उलट महिन्याला 5,000 विद्यावेतन.

शून्यापुढे_एक
ताई, आयएसआयला देशभरातनं मोजकी पोरं घेतात. हे म्हणजे घर बांधायला कर्ज काढू का विचारणाऱ्याला लॉटरीचं दुकान दाखवणं झालं. आणि गणित म्हटलं की मास्तरकीच का? विमा, डेटा, बँकांचं जोखमीचं काम, कितीतरी वाटा आहेत.

खडू_डस्टर
आहेत की. त्या वाटांना लागतं ते स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग. प्रवेश घ्यायच्या आधी त्या ऑनर्सला हे दोन विषय किती सेमिस्टर आहेत ते बघा. नुसतं टोपॉलॉजीवर कुणी पुण्यात भाडं भरलेलं मी तरी पाहिलं नाही. संशोधनाकडं जायचं असेल तर नेट परीक्षेतनं मिळणारी जेआरएफ ही शिष्यवृत्ती, महिना 37,000. पण ते बहुतेकांना एम.एस्सी.नंतरच, म्हणजे तोवर हप्ते सुरू.

रंकाळ्यावरचा_भेळवाला
नारळीकर कोल्हापूरचेच होते. तेवढं लक्षात ठेवा.

शून्यापुढे_एक
जन्मले कोल्हापुरात, शिकले बनारसला. वडील तिथंच गणिताचे प्राध्यापक. तुम्ही माझीच बाजू मांडलीत, धन्यवाद.

पतसंस्थेतला_मामा
सगळं भाचीला वाचायला दिलं. तिनं कर्जावर काही न बोलता आधी माझा कागद तपासला. म्हणाली, "मामा, बँक दरवर्षी दोन-दोन लाख सोडणार. पहिल्या दिवसापासून आठ लाखांवर व्याज कसं लावलंत?" तिच्या हिशेबानं व्याज 2,80,000, हप्ता 14,272. आणि हप्ते सुरू होईपर्यंत व्याज त्या त्या वेळी भरत गेलं तर 10,572. पहिल्या वर्षी महिन्याला सतराशेच्या आत भरावे लागतील. पुढं दरवर्षी तेवढेच वाढत चौथ्या वर्षी सहा हजार सातशेच्या आसपास. बावीस वर्षं पतसंस्थेत काढली, आणि बारावीच्या पोरीनं चूक काढली.

सतराशे मी देईन म्हटलं. सहा हजारांचं दाजींना विचारायला लागेल. इथल्या कॉलेजचाही फॉर्म भरलाय. ऑनर्सचा सिलॅबस तिनं डाउनलोड केलाय, रविवारी ताईंनी सांगितलेले दोन विषय शोधायला बसणार आहोत. प्लॉटच्या कागदांची पिशवी तोवर माझ्याच कपाटात.