वर्षभरात एकही पुस्तक न नेलेले सभासद कसे काढायचे?

प्रश्न
आमच्या गावच्या वाचनालयाचं रजिस्टर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढवलंय. टेबलं दोन, 'सभासद' आणि 'देवघेव'. २०२५ मध्ये ज्यांनी एकही पुस्तक नेलं नाही, त्यांची यादी ग्रंथपाल बाईंना हवी आहे. वरच्या मजल्यावरचं वाचनालय, कित्येकांना जिना चढवत नाही; त्यांना फोन करून पुस्तकं घरपोच द्यायची आहेत. म्हणून एकही नाव सुटायला नको. 'नॉट इन' ('या यादीत नसलेले') लावून देवघेवीतले सभासद वगळले, तर एकही ओळ येत नाही. एररही नाही.

उत्तर
देवघेवीत सभासद क्रमांक कोरा, म्हणजे नल, असलेल्या ओळी आहेत का बघा.

प्रश्नकर्ता
आहेत. तिथेच बसून वाचणाऱ्या पाहुण्यांच्या नोंदी आहेत त्या.

उत्तर
मग तेच कारण. नलशी तुलना केली की उत्तर 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही, 'अज्ञात' येतं. व्हेअर, म्हणजे अटीचा भाग, फक्त 'हो' आलेल्या ओळी ठेवतं. त्यामुळे यादीत एक नल असला तरी नॉट इन सगळ्यांनाच गाळतं. पाहुण्यांच्या नोंदी मात्र पुसू नका, त्या खऱ्या आहेत. त्याऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' ('अशी एकही ओळ नसेल तर') वापरून असं लिहा (कीवर्ड आणि आकडे नेहमीसारखे इंग्रजीत टाका):

सिलेक्ट * फ्रॉम सभासद स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम देवघेव द
  व्हेअर द.सभासद_क्र = स.क्र
  अँड द.तारीख >= '२०२५-०१-०१'
  अँड द.तारीख < '२०२६-०१-०१');

तारखेची अट कंसाच्या आतच हवी. लेफ्ट जॉइन करून (सगळे सभासद ठेवून त्यांना देवघेव जोडून) 'इज नल' तपासलं तरी चालतं, पण तेव्हा ती अट 'ऑन'मध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत, घाला. व्हेअरमध्ये गेली की पुन्हा रिकामी यादी. आणि देवघेवीच्या सभासद_क्र वर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे ना? फॉरेन की (त्या क्रमांकाचा सभासद असलाच पाहिजे हे बंधन) लावली म्हणून पोस्टग्रेस तो आपणहून बनवत नाही.

आणखी एक उत्तर
पुस्तकं नेलेल्यांची यादी लागली तर साधा जॉइन नको. वीस पुस्तकं नेणारा वीसदा दिसेल. मग पुन्हा आलेल्या ओळी गाळायला लोक डिस्टिंक्ट लावत बसतात. एक्झिस्ट्सने प्रत्येक जण एकदाच येतो. जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) वापरत असाल तर त्यात याच कामासाठी 'एक्झिस्ट्स' आणि 'आउटररेफ' आहेत, आवृत्ती ३.० पासून थेट फिल्टरमध्ये देता येतात.

प्रश्नकर्ता
नॉट एक्झिस्ट्सने यादी आली, मनापासून आभार! पण त्यात डिसेंबरमध्ये नवे झालेले सभासदही आलेत.

उत्तर
ती अट कंसाबाहेर, सभासदाच्याच ओळीवर: स.प्रवेश_तारीख < '२०२५-१२-०१'. नोव्हेंबरवाले ठेवायचे की नाही, ते बाईंना विचारा.