मॉरिशसच्या ताटातील डाळीची जागा कोंबडीने खरोखर घेतली आहे का?

वाक्वाची लेक
मॉरिशस कोंबडी व अंडी यांत जवळजवळ स्वयंपूर्ण आहे, डाळी मात्र बाहेरून येतात, म्हणून त्या बेटाने प्रथिनांसाठी कोंबडीवर भिस्त ठेवावी आणि कडधान्यांचा हट्ट सोडावा, असे 'रोखठोक' यांनी परवा इथे लिहिले. त्यावर सविस्तर उत्तर दिल्याशिवाय मला राहवले नाही.

ही कोंबडी खाते काय, हे त्यांनी विचारलेच नाही. खाद्यातील मका आणि सोयापेंड जहाजाने येतात, त्यातही अर्जेंटिनाचा वाटा मोठा आहे. मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या खाद्यात साधारण पाव ते एक तृतीयांश सोयापेंड असते, आणि सोयाबीन हे शेंगवर्गीय पीकच आहे. म्हणजे जे दाणे आपण थेट शिजवून खाऊ शकतो, त्यांच्याच जातकुळीतले दाणे आयात करून, पक्ष्याला चारून, वाटेत बराचसा भाग गमावून, उरलेल्याला 'स्थानिक प्रथिन' म्हणायचे. ही कोणती स्वयंपूर्णता? जहाज थांबले तर डाळीचे पोते कोरड्या जागी वर्षभर टिकेल; खाद्य संपलेल्या कोंबड्या किती आठवडे टिकतील?

२०२० च्या मार्चअखेरीस मॉरिशसमध्ये टाळेबंदीत सुपरमार्केट आणि बेकऱ्या बंद झाल्या आणि पुढे आडनावाच्या आद्याक्षरानुसार खरेदीचे दिवस ठरले. तेव्हा आमच्या घरी मसूर, राजमा आणि डब्यात राहिलेली वाटाण्याची डाळ यांवर ताट भागले. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून करारावर आले, तेव्हा त्यांच्या शिध्यात तांदळाबरोबर डाळ लिहिलेली होती. १८३४ पासून या बेटावर जे मजूर उसात राबले, त्यांचे शरीर त्या डाळीनेच धरून ठेवले.

रोखठोक
ताई, आपल्या पूर्वजांबद्दल मला आदरच आहे. पण शिध्याच्या इतिहासावर आजचे अन्नधोरण ठरत नाही. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, आणि लागवडीची बहुतेक जमीन अजूनही उसाखाली, अशा ठिकाणी डाळ पिकवणार कुठे? शिवाय अंड्याचे प्रथिन डाळीपेक्षा अधिक पचते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. मी तिथल्या राजधानीत, पोर्ट लुईमध्ये, नोकरीला असताना शेजारच्या घरातील मुले मसुराचे वरण बाजूला सारून कोंबडीचा तुकडा मागत, हे डोळ्यांनी पाहिले आहे.

ऊसपट्टा
मी त्या शेतीत काम केले आहे, म्हणून बोलतो. उसाच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात, उसाच्या पानांनी जमीन झाकून टाकण्याआधीच्या पहिल्या तीनेक महिन्यांत, बटाटा, भुईमूग, मका आणि घेवडा घेण्याचे प्रयोग तिथे अनेक वर्षे झाले. बटाटा टिकला, कारण त्याला भाव होता. घेवड्याला मात्र काढणीच्या वेळी माणसे मिळत नसत. शेंगा वाळून हाताने उपटायच्या, अंगणात पसरून काठीने झोडपायच्या आणि दाणे निवडायचे, एवढे काम त्या मजुरीत कुणी करत नाही. वर माकडे आणि ससे. पण जमीनच नाही, हे रोखठोक यांचे म्हणणे आज पटणारे नाही. युरोपशी असलेला साखरेचा करार २००९ मध्ये संपल्यावर उसाचे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले आणि कितीतरी तुकडे झुडपांनी भरून पडलेले आहेत.

तूरवाला यवतमाळकर
बेटाची चर्चा चालू आहे, तरीही आमचे दुखणे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथल्या डाळपुरीत, म्हणजे डाळ भरलेल्या पोळीत, जो पिवळा वाटाणा जातो, त्यानेच आम्हाला मारले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारत सरकारने पिवळ्या वाटाण्यावरील आयातशुल्क काढून टाकले आणि स्वस्त डाळ आली म्हणून शहरात सगळे खूश झाले. तूर विकायला बाजार समितीत गेलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटले, ते कुणी विचारले नाही. बाहेरची स्वस्त डाळ मोकळी सोडली की घरचा शेतकरी पेरणेच सोडतो. मॉरिशसचे तसेच झाले असेल, तर मला नवल वाटणार नाही.

आहारअभ्यासक
पुरीचा विषय निघाला आहे, तर स्पष्ट बोलतो. डाळपुरीला प्रथिनयुक्त आहार म्हणणे बंद केले पाहिजे. ती मैद्याची असते, तेलावर भाजलेली असते आणि दोन-दोन जोड्या उभ्या-उभ्या खाल्ल्या जातात. ज्या देशात दर पाच प्रौढांमागे साधारण एकाला मधुमेह आहे, तिथे या पदार्थाचे कौतुक करणे बेजबाबदारपणाचे आहे.

वाक्वाची लेक
आपण ती कधी करताना पाहिली आहे का? वाटाण्याची डाळ हळद घालून बोटचेपी शिजवायची, निथळून भाजलेल्या जिऱ्याबरोबर बारीक दळायची, आणि ज्या पाण्यात डाळ शिजली त्याच पाण्यात पीठ मळायचे. माझी आजी त्या पाण्याचा थेंबही मोरीत जाऊ देत नसे. मग पुरणपोळीसारखे सारण भरून लाटायचे. वर ग्रो प्वाची, म्हणजे आपल्या पावट्याहून कितीतरी मोठ्या पांढऱ्या घेवड्याची रसदार भाजी असते. म्हणजे एका जोडीत दोन कडधान्ये आणि गहू. पिठात कमी पडणारे लायसीन, म्हणजे प्रथिनातला एक आवश्यक घटक, डाळ पुरवते. एवढे आहारशास्त्र आपल्याला ठाऊक असायला हवे.

आहारअभ्यासक
आजीचे घर आणि रस्त्यावरची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला शिकवण्याच्या सुरात बोलू नका. गाडीवरच्या पुरीत सारणाचा थर पाहा. पुष्कळदा तो पिवळ्या रंगापुरता असतो. लायसीनचा मुद्दा शास्त्रशुद्ध आहे, तो मी नाकारलेला नाही. माझा आक्षेप प्रमाणाला आहे. डाळ खायची तर वाटीभर मसूर, भाताबरोबर पालेभाजी आणि वर लिंबू, म्हणजे लोहही अंगी लागेल.

ऊसपट्टा
दोघेही पुरीत अडकलात. रॉड्रिग्सकडे पाहा. मॉरिशसच्या पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर असलेले, १०८ चौरस किलोमीटरचे हे बेट त्याच देशाचे आहे, आणि तिथला लाल राजमा लोक नाव घेऊन मागतात. वाळलेल्या राजम्यात दर १०० ग्रॅममागे २२ ते २४ ग्रॅम प्रथिन असते. तिथे दुष्काळ पडतो, तरुण मुले मोठ्या बेटावर निघून जातात, आणि पेरा म्हाताऱ्या हातांवर राहतो. सरकार तांदूळ आणि पीठ यांचे दर अनुदानाने खाली ठेवते. तेवढ्याच निष्ठेने या राजम्याला आगाऊ जाहीर केलेला खरेदीभाव दिला, तर पेरा वाढेल. धोरणाने ताट बदलते, याचा पुरावा याच देशात आहे. १९८७ मध्ये रेशनच्या तेलात पामतेलाच्या जागी सोयातेल आणले आणि पुढील पाच वर्षांत लोकांचे कोलेस्टेरॉल लक्षणीय घटले.

रोखठोक
खाद्याच्या आयातीचा मुद्दा मी लिहिताना धरला नव्हता. तो वजनदार आहे, एवढे मान्य करतो. तरीही रॉड्रिग्सच्या राजम्यावर साडेबारा लाख लोकांचे पोट भरणार नाही, आणि अंडी बंद करा असे कुणी सांगू लागले तर मी विरोधच करीन.

वाक्वाची लेक
अंडी बंद करा, असे मी कुठे लिहिले? आठवड्यात दोन वेळा कोंबडीऐवजी राजमा किंवा मसूर शिजला, तर खाद्याची तेवढी आयात टळते आणि रॉड्रिग्सच्या पोत्याला गिऱ्हाईक मिळते, एवढेच माझे म्हणणे आहे. सगळ्या देशाचे पोट एकट्याने भरावे, अशी अट आपण कोंबडीला घातली नाही, मग राजम्यालाच का घालता?

आहारअभ्यासक
आठवड्यात दोन वेळा, हे मला मान्य आहे. पुरीतील मैद्याबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेत नाही. ज्यांना वाद पुढे न्यायचा आहे, त्यांनी गाडीवरची एक जोडी उलगडून सारण आणि पारी वेगवेगळी तोलावी आणि वजने इथे लिहावीत.