मदत हवी आहे: डेंड्राइट जोडूनही न्यूरॉन बर्स्ट देईना

सांगलीत एमएस्सी फिजिक्सला आहे. प्रोजेक्ट न्यूरॉनच्या मॉडेलवर घेतलाय. (बायॉलॉजी बारावीलाच सुटली, सांभाळून घ्या.)

१९९६ मध्ये मेनेन आणि सेजनोव्हस्की यांनी दाखवलं, की चॅनेल (पेशीच्या पडद्यातली आयनांची दारं) तीच, त्यांची घनता तीच, फक्त डेंड्राइटचा (पेशीच्या फांद्यांचा) आकार बदलला तरी फायरिंगची, म्हणजे स्पाइक (विजेचे ठोके) देण्याची तऱ्हा बदलते. मेंदूच्या कॉर्टेक्सच्या पाचव्या थरातली मोठी पिरॅमिडल पेशी बर्स्ट (लागोपाठ स्पाइकचा झुबका) देते, छोट्या पेशी एकेकटे स्पाइक. त्यांनी अख्खं झाड दोन कप्प्यांतही बसवलंय: एकात ॲक्सन (पेशीची लांब तार) आणि सोमा (पेशीचं धड), दुसऱ्यात डेंड्राइट, मध्ये एक रोध. तेच मी पायथॉनमध्ये लिहिलं. डेंड्राइटचं क्षेत्रफळ पहिल्या कप्प्याच्या ५० पटींवरून १५० पटींवर नेलं, पण बर्स्टचं नाव नाही. स्पाइक बुटके, आणि दोन्ही कप्प्यांच्या व्होल्टेजच्या रेषा अशा एकीवर एक बसतात की दुसरी दिसतच नाही.

सर म्हणतात, कॅल्शियम चॅनेल वाढव. पण मग 'चॅनेल तीच' याला अर्थ काय उरला?

प्रतिसाद: चॅनेलला हात लावू नका. रेषा एकीवर एक बसतात, तिथंच घोळ आहे. मधला रोध किती धरलाय?

सोमातला स्पाइक मिलिसेकंदभरात उठून बसतो. डेंड्राइट मागाहून, सावकाश भरतं. सोमा खाली आला तरी ते वरच असतं, म्हणून प्रवाह उलटा सोमाकडे येतो आणि पुढचा स्पाइक उडतो. संथ पोटॅशियम चॅनेल उघडली की बर्स्ट थांबतो. तुम्ही सांगलीकर, पूर पाहिलाच असेल. कृष्णा चढली की पाणी ओढ्यातून उलटं आत शिरतं आणि नदी उतरल्यावरही आतलं पाणी परत येत राहतं. ओढा नदीएवढाच रुंद असता (म्हणजे रोध अगदी कमी) तर दोन्ही पातळ्या एकदमच उतरल्या असत्या. ओढा बुजवलात तरी काही यायचं नाही. १९९४ च्या पिन्स्की-रिन्झेल या दोन कप्प्यांच्याच मॉडेलमध्येही जोड फार ढिली किंवा फार घट्ट झाली की बर्स्ट जातात.

धागाकर्ता: अरे देवा. १० मेगाओमच्या जागी १० किलोओम पडलंय! दुरुस्त केलं, १५० पटींना तीन-तीन स्पाइकचे बर्स्ट आले. ५० ला अजून एकेकटेच येतात, ते बरोबर ना?

प्रतिसाद: बरोबर. तिथं डेंड्राइट लहान, परतीचा प्रवाह पुरत नाही. दोन्ही आलेख शेजारी लावून सरांना दाखवा, कॅल्शियमचा विषय ते स्वतःच काढणार नाहीत.