आउदे क्रीक: आंबट की नासलेली?

लूव्हेनकर_नवा:
शनिवारी चेरीच्या बिअरची बाटली आणली, लेबलवर 'आउदे क्रीक'. बूच काढलं आणि आधी तबेल्याचा वास! ओलं गवत, चामडं, त्यानंतर कुठे चेरी. घोट घेतला तर गालफडं आत ओढली गेली, गोडवा औषधालाही नाही. शेवटी बदामासारखी कडवट चव रेंगाळते. तळाशी गाळही आहे. बाटली नासली का? अर्धी फ्रिजमध्ये ठेवलीय. बायकोने कधीच हात टेकले.

पिंपवाला:
ओतू नका हो! तुम्ही जे जे लिहिलंत ते सगळं तसंच असायला हवं.

तबेला म्हणजे ब्रेटॅनोमायसीस, लाडाने ब्रेट. कार्ल्सबर्गच्या क्लाउसेनने १९०४ मध्ये हे यीस्ट जगापुढे मांडलं, तेही इंग्लिश बिअरमधून. क्रीक ज्या आंबट बेल्जियन बिअरपासून बनते, त्या लांबिकमध्ये यीस्ट कुणी घालतच नाही. धान्याचा उकळलेला रस उथळ, उघड्या भांड्यात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतून येईल ते येऊ देतात. म्हणूनच हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात नको ते जिवाणू माजतात. मग ओकच्या पिंपात वर्ष, दोन वर्षं, कधी तीन. आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, दह्यात असतं तेच.

चेरी बियांसकट पडते, बदाम तिथून आला. फळातली साखर यीस्ट फस्त करतं, मागे रंग, वास आणि आंबटपणा उरतो. गोड हवी असेल तर 'आउदे' न लिहिलेली घ्या, त्यातल्या बऱ्याच जणी गोड केलेल्या असतात. माझ्या मते ते सरबत झालं, पण ज्याची त्याची जीभ.

खरंच बिघडलेली ओळखायची असेल तर नेलपॉलिशचा वास बघा, किंवा व्हिनेगरसारखी घसा जाळणारी झणझण. थोडी झणझण चालते, तीच वर आली तर नाही.

आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. बारा अंशांच्या आसपास येऊ द्या, गाळ बाटलीतच ठेवा.

आंबटशौकीन:
ब्रसेल्सला अँडरलेख्तमध्ये कांतियों ही लांबिकची ब्रुअरी आहे, १९०० पासूनची. माळ्यावरचं तांब्याचं उथळ भांडं पाहता येतं. कोळ्यांची जाळी मुद्दाम झाडत नाहीत, पिंपांवर येणारी चिलटं कोळी खातात! तिथली जर्दाळूची 'फू फून' मिळाली तर सोडू नका. चेरीपेक्षा जर्दाळू ब्रेटला जास्त मानवतो, पिंपवाले भांडोत बापडे.

पिंपवाला:
भांडणारच. जर्दाळूचा वास वर्षभरात विरतो, चेरी टिकते. फू फून ताजी प्यावी, क्रीक एखादं वर्ष ठेवली तरी चालते.

लूव्हेनकर_नवा:
उरलेली बाहेर ठेवून प्यायलो. फेस गेलेला, पण चेरी पुढे आली आणि तबेला मागे सरला. बायको म्हणते, यापेक्षा सोलकढी परवडली. आता ग्यूझ, म्हणजे जुन्या-नव्या लांबिकचं बिनफळाचं मिश्रण, आणू की रास्पबेरीची फ्राम्बोझ?

पिंपवाला:
तुम्हाला ग्यूझ, वहिनींना गोड क्रीक. फ्राम्बोझ नंतर, रास्पबेरीचा आंबटपणा चेरीहून टोकदार लागतो.