मदत हवी आहे: गोल बारमध्ये लांब स्लॉट (खाच) सरळ येत नाही

धायरीकर: २५ मिमीचा बार, त्यात ६ मिमी रुंद, ४ मिमी खोल स्लॉट, लांबी ३००. एका टोकाला मध्यावर असतो, दुसऱ्या टोकाला सरकलेला. कटर बदलून झाला. पार्टी रोज फोन करतेय, लवकर सांगा.

भोसरी_फिटर: मशीन कोणतं? मटेरियल? बार धरलाय कशात? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

टूलरूम७१: २५ च्या शाफ्टला ८ बाय ७ ची की (चाक शाफ्टला अडकवायची पट्टी) बसते. ६ ची की २२ पर्यंतच्या शाफ्टला. ड्रॉइंग तपासा.

धायरीकर: की नाहीये हो, त्यात पिन सरकते. व्हर्टिकल मिलिंग, बार व्हाइसमध्ये. स्लॉट दोन्ही टोकांना उघडा.

भोसरी_फिटर: म्हणजे अर्धा बार जबड्याबाहेर अधांतरी. व्हाइस उतरवा. बार टेबलाच्या टी-स्लॉटवरच (टेबलातली लांब खाच) आडवा ठेवा, दोन कडांवर बसला की टेबलाच्या चालीला आपोआप समांतर होतो. आधी कडांवरची बर, म्हणजे उठलेली धार, तेलदगडाने काढा. बार दोन्हीकडून जास्त लांब घ्या, क्लॅम्प त्या जादा भागावर लावा, नंतर तो कापून टाका.

जुना_मशिनिस्ट: एवढ्या लांबीला स्लॉट ड्रिल (खाच पाडणारा उभा कटर) नकोच, बारीक कटर एका बाजूला ओढला जातो. आडव्या मिलिंगवर साइड अँड फेस कटर (चकतीसारखा) लावा.

भोसरी_फिटर: आर्बरवर, म्हणजे कटरच्या दांड्यावर, कटर जरा डुलला की स्लॉट मोठा. त्यापेक्षा ५ च्या कटरने थोडी थोडी खोली घ्या, मग दोन्ही भिंती वेगवेगळ्या साफ करा.

जुना_मशिनिस्ट: डायल गेज लावून कटर बघितला तर डुलत नाही. नग जास्त असतील तर तुमच्या पद्धतीत दिवस जाईल.

वायरकट_चाकण: वायरकट करा, म्हणजे तारेच्या ठिणगीने कापा, विषय संपला. ३०० उंचीचा जॉब घेणारं मशीन मात्र हवं.

धायरीकर: वायरकटचं बजेट नाही. आणि क्लॅम्प सोडला की बार वाकतो, त्याचं काय?

जुना_मशिनिस्ट: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ब्राइट बार आहे ना? अशा थंड ओढलेल्या बारमध्ये ताण कोंडलेला असतो. एका बाजूचं मटेरियल निघालं की तोल जातो आणि बार वाकतो. आधी स्ट्रेस रिलीव्ह (तापवून, हळू थंड करून ताण काढणं) करून घ्या.

भोसरी_फिटर: किंवा रफ कट घ्या, क्लॅम्प सोडा, बार सरळ करा, मग फिनिश.

धायरीकर: ब्राइटच आहे. टी-स्लॉटवर उद्याच लावतो.

टू_व्हीलर_पार्ट्स: उद्या गुरुवार, भोसरीत सुट्टी. ब्राइट बारचे सुटे तुकडे धायरीकडे कुठे मिळतात?

टूलरूम७१: पिन किती मिमीची? ६ च्या स्लॉटमध्ये नेमकी ६ ची पिन अडकणार. पिन थोडी कमी करा, तेलालाही जागा लागते.