प्रतिसाद: गोळी चालू, तरी नाक बंद

हे फीवरवर, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीवर, रोज सेट्रिझिनची गोळी घेऊनही नाक चोंदलेलंच राहतं म्हणताय ना? इंग्लंडात लेस्टरला आल्यावर माझे पहिले दोन उन्हाळे असेच गेले. पुण्यात असलं काही नव्हतं हो!

शेवटी कोपऱ्यावरच्या फार्मसीतल्या बाईंना विचारलं. अपॉइंटमेंट नाही, फी नाही. त्यांचा पहिला प्रश्न, त्रास सुरू कधी होतो? एप्रिलात असेल तर बहुधा बर्चच्या झाडाचे पराग, मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत असेल तर गवताचे. माझं गवत निघालं. गोळीने शिंका आणि खाज थांबते, पण चोंदलेल्या नाकाला स्टिरॉइडचा स्प्रे बरा, तोही मोसमाच्या दोनेक आठवडे आधीपासून रोज. मी आपला स्प्रे मारून जोरात ओढायचो, सगळं औषध घशात! त्यांनी करून दाखवलं: मान जराशी खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक बाहेरच्या बाजूला, श्वास अगदी हलका. फरक पडला.

नाक पटकन मोकळं करणारा झायलोमेटाझोलिनचा स्प्रे मात्र सलग जास्त दिवस नको, नाक उलट जास्त चोंदतं. आणि छातीत घरघर असेल तर थेट जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) गाठा.

हो, गोळी ब्रँडची घेऊ नका. तीच १० मिलिग्रॅमची साध्या खोक्यातली बरीच स्वस्त पडते.